पेशंट गेला आणि मनात आलं, बेड रिकामा झाला

पत्र:

'मी १४ वर्षं नर्स आहे, त्यातली बरीचशी आयसीयूत. गेल्या महिन्यात पहाटे चारच्या सुमारास एक पेशंट गेला आणि माझ्या मनात पहिला विचार आला, "चला, बेड रिकामा झाला, पुढच्या पाळीच्या हँडओव्हरच्या आत कागद पुरे होतील." त्याची बायको बाहेर बाकावर बसलेली होती. डॉक्टरांबरोबर तिला सांगायला गेले, चेहरा गंभीर ठेवला, आत काही हललं नाही. पूर्वी मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे.

त्याआधी एक आजोबा होते. पाच आठवडे व्हेंटिलेटरवर. हात सुजलेले, टोचायला जागा उरली नव्हती, तरी रोज रक्त काढायचं. सक्शनची, कफ ओढून काढायची, नळी दिसली की ते मान फिरवायचे. मी दुसऱ्या हाताने त्यांचं डोकं धरून ठेवायचे. राउंडला रोज एकच शब्द, "कंटिन्यू". मुलगा म्हणायचा, सगळं करा. मी सगळं केलं. ते गेले त्या दिवशी माझा ऑफ होता आणि मला बरं वाटलं.

दोन पेशंटच्या जागी तीन मिळतात, कधी चार. नातेवाइकांनी तेच तिसऱ्यांदा विचारलं की ओरडावंसं वाटतं. मुलीला ताप आला तर "एवढ्याने काय होतंय" म्हणाले. इन्चार्ज सिस्टर सांगतात, सुट्टी घे, ध्यान कर. नाईट करून गाडी चालवत घरी येताना कधी वाटतं, छोटासा अपघात झाला तर बरं, निदान पंधरा दिवस झोपायला मिळेल. माझ्यातली माया आटली का? नोकरी सोडू का? नव्या मुली माझ्याकडे बघून शिकतात, त्यांना काय शिकवू?'

उत्तर:

सिस्टर,

अपघाताच्या वाक्यापासून सुरुवात करते. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण पत्रातलं सर्वांत तातडीचं तेच आहे. झोप मिळावी म्हणून अपघात हवासा वाटणं हे अतिशय दमलेल्या माणसांकडून बरेचदा ऐकायला मिळतं. जीव द्यावासा वाटण्याहून ते वेगळं आहे. मात्र एकातून दुसऱ्यात आपण कधी शिरलो, हे ज्याच्या डोक्यात चाललेलं असतं त्यालाच उशिरा कळतं. तेव्हा दोन गोष्टी आधी करा, बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

नाईट संपल्यावर स्वतः गाडी चालवू नका. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंदावतो, असं १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोजलं गेलं होतं. २४ तासांच्या जागरणानंतर ते ०.१० टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे अपघात व्हावा असं वाटो न वाटो, तो होण्याची तयारी झालेलीच असते. कुणीतरी न्यायला यावं, नाहीतर ड्यूटीरूममध्ये झोप काढून, पूर्ण जाग आल्यावर निघावं.

दुसरं म्हणजे याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या, तुमच्या हॉस्पिटलबाहेरच्या. आत दाखवलंत की तुम्ही अर्धंच बोलाल, कारण उद्या त्याच माणसाबरोबर राउंड घ्यायचा असतो. बर्नआउट आणि नैराश्य वरून सारखेच दिसतात आणि बरेचदा एकत्रही असतात. चार दिवस कामापासून लांब गेल्यावर जीव थोडा हलका होतो की जिथे जाल तिथे जडपणा बरोबर येतो, हे डॉक्टरांना नीट सांगा, त्यावरून त्यांना पुष्कळ कळेल. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या. पेशंटचे रिपोर्ट रोज वाचणाऱ्या बायका स्वतःचं रक्त वर्षानुवर्षं देत नाहीत, हा माझा जुना राग आहे. आणि 'अपघात झाला तर'च्या जागी 'करावा' असं मनात येऊ लागलं, तर ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरात सांगा आणि इमर्जन्सीत जा, जशी तुम्ही दुसऱ्या कुणालाही पाठवली असती.

आता माया आटली का, ते बघू.

तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मला काही वाटत नाही, असं तुम्ही लिहिता. ज्याच्या जाण्याने काही वाटलं नाही, त्या पेशंटचं वय, आजार काहीच पत्रात नाही. आजोबांचं मात्र सगळं आहे. सुजलेले हात आहेत, फिरवलेली मान आहे, आणि डोकं धरून ठेवणारा तुमचा हातही आहे. राउंडला बोलला गेलेला शब्दसुद्धा तुम्ही जसाच्या तसा दिलाय. वाटणं संपलेल्या माणसाला हे आठवत नाही. तुमचं मन एका जागी अडकलंय आणि तिथून पुढे आलेल्या पेशंटपर्यंत ते पोचतच नाही, असं मला दिसतं.

अडकण्याचं कारण कामाचा ढीग एवढंच असतं, तर इन्चार्ज सिस्टरांचा सल्ला पुरला असता. तीन वेगवेगळ्या गोष्टी तुमच्या अंगावर एकदम आल्यात आणि तिघींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून थोडं फोडून सांगते.

पहिला बर्नआउट. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये त्याबद्दल लिहिलं ते मोफत दवाखान्यात राबणाऱ्या कार्यकर्त्यांकडे बघून. पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी त्याचं मोजमाप तयार केलं. त्यात तीन धागे आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाकडे वस्तूसारखं बघणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटला जागा दिली, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला दीर्घकाळचा ताण असं त्याचं वर्णन तिथे आहे. इथे 'कामाच्या ठिकाणचा' हे शब्द वाचा. ध्यान तुम्ही करायचं आणि चौथा पेशंट वॉर्डने द्यायचा, हा हिशेब त्यात बसत नाही.

दुसरी गोष्ट करुणेचा थकवा. १९९२ मध्ये नर्सिंगच्या एका मासिकात हा शब्दप्रयोग झाला आणि पुढे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांच्या लेखनातून तो रुजला. सतत दुसऱ्याचं दुःख जवळून पाहिल्याने येणारा हा थकवा आहे. कामाचे तास कमी असतानाही तो येऊ शकतो. मुलीच्या तापाला 'एवढ्याने काय होतंय' म्हणणं त्यातलंच. रोज व्हेंटिलेटर बघणाऱ्या डोळ्यांना ताप लहानच दिसणार. मुलीजवळ बसून हे एकदा सांगून टाका, 'मी हॉस्पिटलची फूटपट्टी घरी आणली.' मुलं असलं स्पष्टीकरण आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर समजून घेतात. या विषयावर एवढंच, कारण मुलीच्या बाबतीत तुम्ही स्वतःला दिलेली शिक्षा मला गुन्ह्यापेक्षा मोठी वाटते.

तिसरी गोष्ट आजोबांची, आणि माझ्या मते तुमच्या पत्राचा गाभा तीच आहे. नीतीचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगमधल्या नीतीवर लिहिताना तिला नैतिक क्लेश म्हटलं होतं. काय करणं योग्य आहे ते आपल्याला माहीत असतं, पण व्यवस्थेच्या अडसरामुळे तसं करता येत नाही, उलट तेच करावं लागतं जे चुकीचं वाटतं. डॉक्टरने 'कंटिन्यू' लिहिलं, मुलाने 'सगळं करा' म्हटलं, पण नळी आत घालणारा आणि डोकं धरणारा हात तुमचा होता. निर्णय दोघांचा, अंगावर घेतलं तिसऱ्याने. ते गेल्यावर बरं वाटलं, यात क्रूरपणा शोधू नका. त्यांचा त्रास थांबला आणि त्यांना त्रास देणंही थांबलं, दोन्हींचा तो सुस्कारा होता.

हा क्लेश सुट्टीने जात नाही. सुट्टीवरून परत आलात की पुढचे आजोबा त्याच बेडवर असतात. त्याला लागतं बोलणं, आणि तेही निर्णय होण्याआधी, योग्य टेबलावर. तुमच्याजवळ असलेली माहिती राउंडमधल्या कुणाजवळही नसते. पेशंट नळी बघून मान फिरवतो, हे फाइलमध्ये कुठे लिहिलेलं असतं? ते राउंडमध्ये सांगा, नर्सिंग नोट्समध्ये लिहा. डॉक्टरांना आव्हान दिल्यासारखं होईल ही भीती असेल तर प्रश्न विचारा: 'या आठवड्यात या उपचारातून आपल्याला काय साधायचंय?' प्रश्न साधा आहे, उद्धट नाही, आणि त्याला 'कंटिन्यू' हे उत्तर होऊ शकत नाही. नातेवाइकांबरोबर डॉक्टर आणि नर्स दोघांनी बसून सविस्तर बोलण्याची वेळ मागा. 'सगळं करा' म्हणणाऱ्या मुलाला बरेचदा 'तुम्ही काही केलं नाहीत' हे ऐकायचं नसतं, एवढंच त्याच्या मनात असतं. वेदनाशामक आणि आराम देणारी काळजी हेसुद्धा 'करणं' आहे, असं त्याला कुणी शांतपणे सांगितलेलं नसतं. हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह टीम (त्रास कमी करण्यावर भर देणारी) किंवा नीतीविषयक समिती असेल तर त्यांना बोलावण्याची विनंती नर्सकडूनही जाऊ शकते का, ते विचारून ठेवा.

दरवेळी ऐकतील का? नाही. पण बोलून हरणं आणि गप्प राहून तेच करणं, यांचा मनावर होणारा परिणाम सारखा नसतो.

'बेड रिकामा झाला' या विचाराकडे वळते. इझाबेल मेंझीस नावाच्या मनोविश्लेषक बाईंनी लंडनमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलातल्या नर्सेसचा अभ्यास केला होता, तो १९६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. एका नर्सने एका पेशंटचं सगळं करण्याऐवजी अनेक पेशंटचं थोडं थोडं करायचं, पेशंटला नावाऐवजी बेडच्या नंबराने किंवा 'दहा नंबरचं लिव्हर' म्हणून ओळखायचं, प्रत्येक बारीक कृती ठरलेल्या पद्धतीनेच करायची, हे सगळं त्यांना दिसलं. त्यांचं निरीक्षण असं की, माणसाच्या दुःखाजवळ गेल्याने जी घालमेल होते ती टाळण्यासाठी संस्थेनेच ही रीत बसवलेली होती, आणि तिने घालमेल कमी झाली नाहीच, कामातलं समाधान मात्र गेलं. साठ वर्षांहून जास्त झाली, आजही हँडओव्हरला 'बेड सात' असंच चालतं. तेव्हा पहाटे चारला तुमच्या मनात आलेलं वाक्य तुमच्या स्वभावातून कमी आणि प्रशिक्षणातून जास्त आलंय. १४ वर्षं बेड मोजायला लावल्यावर मन बेडच मोजणार.

त्यावर एक लहानसा उपाय मला मनापासून आवडतो. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलातले इमर्जन्सीतले परिचारक जोनाथन बार्टेल्स यांनी तो सुरू केला. पेशंट गेल्यावर, नळ्या काढण्याआधी, कुणीतरी एकाने म्हणायचं की आपण क्षणभर थांबू या, हा कुणाचा तरी बाप होता, कुणाचा तरी मित्र होता, आणि या खोलीतल्या सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रयत्न केले. मग मिनिटभर शांत उभं राहायचं. प्रार्थना नाही, भाषण नाही. खर्च एक मिनिट, परवानगी कुणाची नको. पुढच्या वेळी तुम्ही सुरू करून बघा. रडू येईलच असं नाही, ते यायलाच हवं असंही नाही. रडणं हे मायेचं मोजमाप आहे, ही कल्पना तुम्ही सोडून दिलीत तर मला आनंद होईल.

कारण दुसऱ्याचं दुःख स्वतःच्या अंगावर घेणं आणि त्याचं भलं चिंतणं या मेंदूतसुद्धा वेगळ्या गोष्टी आहेत. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या मेंदूच्या अभ्यासकांनी काही स्त्रियांना आधी पहिल्या प्रकारचा सराव दिला, तेव्हा दुःखाचे व्हिडिओ बघताना त्यांचा त्रास वाढला. मग दुसऱ्या प्रकारचा सराव दिला, तर त्रास उतरला, सुखद भावना वाढल्या, आणि मेंदूतली वेगळीच जाळी जागी झाल्याचं स्कॅनमध्ये दिसलं. प्रयोगशाळेत व्हिडिओ बघणं आणि तीन पेशंटमध्ये धावणं एक नव्हे, हे मान्य. तरी बेडशेजारी याचा एक उपयोग आहे. 'माझ्या वडिलांचं असं झालं असतं तर' हा विचार आला की तो तिथेच ठेवून 'पुढच्या दोन मिनिटांत यांना कशाने बरं वाटेल' हे विचारा. ओठ ओले करणं, उशी सरकवणं, सक्शनआधी सांगणं, एवढंच उत्तर निघेल. पूर्वी बाथरूममध्ये रडणारी नर्स जास्त चांगली होती असं तुम्ही धरून चाललाय. तिचं तेव्हाचं रडणं खरं होतं, पण त्या आजोबांना तुमच्या रडण्याची गरज नव्हती.

तीन-चार पेशंटबद्दल. हा भाग कोरडा आहे, पण तिकडे दुर्लक्ष करून बाकीचं काहीच टिकणार नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या पेशंटमध्ये दर नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये याबाबत कायदा केला, तिथे आयसीयूत एका नर्सकडे दोनपेक्षा जास्त पेशंट देता येत नाहीत. हे आकडे इन्चार्ज सिस्टरांवर फेकायला सांगत नाहीये. त्या बाईसुद्धा बहुधा वरून आलेलं ड्यूटी चार्ट पुढे सरकवतायत. तुम्ही इतकंच करा, प्रत्येक ड्यूटीला किती पेशंट, किती स्टाफ, आणि त्यामुळे काय राहून गेलं हे तारीखवार लिहा. पोझिशन बदलायची राहिली, औषध उशिरा गेलं, नातेवाइकांशी बोलणं झालं नाही. महिनाभराची वही झाली की दोन-तीन जणी मिळून मेट्रनकडे लेखी द्या. 'मी दमले' याला 'सुट्टी घे' हे उत्तर मिळतं. 'या तारखेला चार पेशंट असल्यामुळे ही औषधं उशिरा गेली' याला ते देता येत नाही. एकटीने जाऊ नका.

नातेवाइकांवर ओरडावंसं वाटतं, ते पेशंटची संख्या दोनावर आली की निम्म्याहून जास्त कमी होईल, माझी पैज. तोवर एक क्लृप्ती: भेटीची वेळ सुरू होताच तुम्हीच आधी जाऊन दोन वाक्यांत आजची स्थिती सांगा. ते तिसऱ्यांदा विचारतात कारण पहिल्या दोन वेळी घाबरलेल्या डोक्यात काही शिरलेलं नसतं.

आणि नोकरी. आत्ता, या अपुऱ्या झोपेत, सोडायचा निर्णय घेऊ नका. राहायचाही घेऊ नका. डॉक्टरांचं पत्र घेऊन तीन महिने आयसीयूबाहेर बदली मागा: ओपीडी, डायलिसिस, भूलपूर्व तपासणी, ट्रेनिंग, जिथे पेशंट चालत येतो आणि बहुतेक वेळा चालत परत जातो अशी कुठलीही जागा. मागताना 'मला झेपत नाही' म्हणायची गरज नाही, जागा बदलण्याची वैद्यकीय शिफारस आहे एवढं पुरे. तीन महिन्यांनी झोप लागत असेल, मानसोपचारतज्ज्ञांच्या मते तब्येत जागेवर असेल आणि तरीही नर्सिंगचा विचार नकोसा वाटत असेल, तर खुशाल सोडा. १४ वर्षं काम करून दुसरं काही करावंसं वाटणं हा पळपुटेपणा नाही. पण आयसीयू नको असणं आणि नर्सिंग नको असणं यातलं नेमकं कोणतं, हे तुम्हाला आज सांगता येणार नाही असा माझा अंदाज आहे.

नव्या मुलींचं विचारलंत. त्यांना मन घट्ट करायला शिकवू नका, ते त्या न शिकवता शिकतील. पहिला मृत्यू बघितलेल्या मुलीला त्या रात्री पुढचं काम देण्याआधी दहा मिनिटं बाहेर न्या आणि काय काय झालं ते तिच्याकडून क्रमाने ऐका. हातून चूक झाली असेल तर जास्तच. चुकीनंतर पेशंटबरोबर कर्मचारीही कोसळतो, त्याला अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० मध्ये 'दुसरा बळी' म्हटलं, आणि तो बहुतेक वेळा एकटाच घरी जातो. काही हॉस्पिटलांत श्वार्ट्झ राउंड्स नावाची बैठक होते. त्यात डॉक्टरपासून सफाई कामगारापर्यंत सगळे बसतात आणि केसच्या उपचारांवर नव्हे, ती केस करताना आपलं काय झालं यावर बोलतात. तुमच्याकडे तसं काही नसेल तर महिन्यातून एकदा, हँडओव्हरनंतरचा अर्धा तास मागून बघा. पहिल्या बैठकीत आजोबांबद्दल तुम्ही बोला. डोकं धरून ठेवायचा तो भाग सांगितलात, तर त्याच बेडवर त्यांची नाईट करणारी दुसरी कुणीतरी तिचंही सांगेल.

मानसोपचारतज्ज्ञांची वेळ कोणत्या दिवसाची मिळाली, ते दोन ओळींत कळवा.